गाडीचे इंजिन आकाशात : एका रूपांतराची हकिकत

'रूपांतर' हा शब्द आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात इतक्या सहजपणे वापरतो, की त्या शब्दामागे प्रत्यक्षात काय घडते याचा विचार करण्याचे आम्हांला सहसा सुचत नाही. देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंजारराव' केले, पु. ल. देशपांड्यांनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, एवढे सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परीक्षेपुरते ते पुरेसेही असते. पण मूळ कृती ज्या समाजाच्या, ज्या बोलीच्या, ज्या प्रेक्षकांच्या आधारावर उभी असते, तो सगळा आधार काढून घेतल्यावर ती नव्या जागी कशावर उभी राहते, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. हा प्रश्न आम्हांला अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला, तो यंत्रांच्या इतिहासात. १९८०च्या दशकात पोर्श या जर्मन कंपनीने आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारचे इंजिन लहान विमानासाठी रूपांतरित केले. ते इंजिन चांगले होते. ते उडाले, सरकारी परीक्षांत उतरले, विकलेही गेले. आणि दहा वर्षे पुरी होण्याआधी त्याचे उत्पादन बंद पडले. यंत्र बिघडले म्हणून ते संपले असते तर त्यात लिहिण्यासारखे फारसे काही नव्हते. ते न बिघडता संपले, म्हणून हा लेख.

(आधीच एक कबुली देऊन ठेवतो. आम्हां दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येते, आणि विमानाशी दोघांचाही संबंध खिडकीजवळच्या आसनापुरताच आहे. यंत्रशास्त्राच्या अभ्यासकांनी आमच्या परिभाषेकडे थोड्या उदारपणे पाहावे.)

मोटारगाडी आणि विमान यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे, आणि पहिल्या दिवसापासूनच ते थोडे अवघडलेले आहे. १९०२ सालच्या अखेरीस राइट बंधूंनी अमेरिकेतील मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांना पत्रे लिहून इंजिनाची मागणी केली होती. आठ-नऊ अश्वशक्ती आणि वजन दोनशे पौंडांच्या आत, एवढीच त्यांची अपेक्षा. समाधानकारक उत्तर कोणाकडूनही आले नाही. अखेर त्यांच्या सायकलीच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत एक इंजिन स्वतः घडवले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी तेच किटी हॉकच्या वाळूवर गुरगुरले. म्हणजे मानवी उड्डाणाच्या इतिहासाचे पहिले पानच 'गाडीचे इंजिन मिळाले नाही' या वाक्याने सुरू होते. पुढे १९०९ साली लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली ती अंझानीच्या पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनावर, आणि अंझानीचे नाव तोवर मोटारसायकलींमुळे गाजलेले होते. खुद्द फर्डिनांड पोर्श हेही, पोर्श ही गाडी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, ऑस्ट्रियातील ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत विमानांची इंजिने रचत होते. पहिल्या महायुद्धाने मात्र या दोन कुळांची वाटणी केली. युद्धाला लागणारी इंजिने इतकी मोठी आणि इतक्या विशिष्ट गरजांची झाली, की विमानाचे इंजिन हा एक स्वतंत्र धंदा बनला. त्याचे कारखाने वेगळे, त्याचे मेकॅनिक वेगळे, त्याचे कायदे वेगळे.

वाटणी झाली तरी येणे-जाणे सुरू राहते, तसे येथेही झाले. १९२९च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या लहानशा गावी बर्नार्ड पीटेनपोल नावाच्या एका माणसाने फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीचे इंजिन आपण बांधलेल्या लाकूड-कापडाच्या विमानाला जोडले. चाळीस अश्वशक्ती, जडशीळ बीड, आणि समोर उभा रेडिएटर. वैमानिकाला त्या रेडिएटरच्या कडेने डोकावून पुढचे पाहावे लागे. देखणेपणात ते कोठेच बसत नव्हते. पण त्या काळी अमेरिकेतल्या कोणत्याही खेड्यात मॉडेल एचा सुटा भाग मिळत होता आणि तो बसवणारा माणूसही मिळत होता. पीटेनपोलचे आराखडे छापले गेले, आणि ते पाहून माणसे आजही आपापल्या शेडमध्ये ते विमान बांधतात. युद्धोत्तर युरोपात हीच भूमिका फोक्सवागनच्या बीटल गाडीच्या इंजिनाने बजावली. या परंपरेकडे आम्ही पुढे परत येणार आहोत. तूर्त एवढेच लक्षात ठेवावे, की या विमानांचा कर्ता, चालक आणि जबाबदार धनी हा एकच माणूस असे.

आता प्रश्न असा, की इंजिन ते इंजिन. गाडीतले काढून विमानात बसवण्यात एवढे कठीण काय आहे? आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. वाचत गेल्यावर लक्षात आले, की येथे अडचणी येतात त्या इंजिनाच्या शक्तीतून नव्हे, तर त्याच्या सवयींतून.

गाडीचे इंजिन मुळात आळशी आयुष्य जगते. दोनशे अश्वशक्तीची गाडी सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरने जात असेल, तर ती प्रत्यक्षात वीस-पंचवीस अश्वशक्तीच खर्च करत असते. उरलेली ताकद घाटात आणि ट्रकला मागे टाकताना काही सेकंद वापरण्यासाठी, आणि बाकी वेळ मालकाला अभिमान वाटावा म्हणून. विमानाच्या इंजिनाला ही चैन नाही. उड्डाण करताना ते पूर्ण शक्तीने चालते, आणि नंतर तासन् तास पासष्ट ते पंचाहत्तर टक्के शक्तीवर, एकाच लयीत, न थांबता. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत विमानाच्या नव्या इंजिनाला दीडशे तासांची सहनशक्तीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातला मोठा भाग ताकदीच्या वरच्या टोकाला असतो.

दुसरी सवय वेगाची. गाडीचे इंजिन आपली शक्ती मिळवते ते भराभर फिरून. ९११चे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर खुलते. पण विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, इतका वेगाने फिरवता येत नाही. साधे गणित करून पाहावे: पंख्याचा व्यास १.९ मीटर धरला आणि तो मिनिटाला ५३०० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याचे टोक सेकंदाला सव्वापाचशे मीटरहून अधिक वेगाने जाईल. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर. ध्वनीच्या वेगाजवळ गेलेले पाते हवा मागे ढकलण्याऐवजी नुसताच कानठळ्या बसवणारा आवाज करते. त्यामुळे इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स घालावा लागतो. आणि गिअरबॉक्स आला की वजन आले, तेल आले, उष्णता आली, आणि मोडण्याची एक नवी जागा आली. अमेरिकी विमान-इंजिनांनी हा गुंता टाळला होता तो एका सरळ युक्तीने: इंजिनच मोठे करायचे आणि सावकाश फिरवायचे. लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल या दोन कंपन्यांची आडव्या सिलिंडरांची इंजिने मिनिटाला सुमारे २७०० फेऱ्यांवरच पूर्ण शक्ती देतात आणि पंखा थेट त्यांच्या क्रँकशाफ्टला बसवलेला असतो. जुनाट, पण मधे कोणी नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत रोचक वाटली. पिस्टन-इंजिन सलग जोर देत नाही, ते धक्के देते. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक पीळ बसतो. गाडीत हे धक्के जड फ्लायव्हील, क्लचमधल्या स्प्रिंगा आणि शेवटी रबरी टायर मुकाट्याने पचवतात. गाडीत बसलेल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. विमानात टायरच्या जागी असतो धातूचा एक लांब पंखा, आणि तो स्वतःच तंबोऱ्याच्या तारेसारखा थरथरू शकतो. इंजिनाची लय आणि पंख्याची लय एका विशिष्ट ठिकाणी जुळली, तर मधले दाते किंवा दांडा तुटतो. शिवाय पंखा पुढे ओढतो, आणि विमान वळताना भोवऱ्यासारखा अडून बसतो. तो सगळा ताण जाणार कोठे? गाडीच्या क्रँकशाफ्टने असा ताण जन्मात पाहिलेला नसतो. म्हणजे मूळ कृतीत ज्या गोष्टी इतक्या स्वाभाविक होत्या की त्यांची नोंद करण्याचीही कोणाला गरज वाटली नव्हती, नेमक्या त्याच नव्या ठिकाणी गैरहजर असतात. भाषांतर करणाऱ्या कोणालाही हा अनुभव परका नसावा.

पोर्शने हे आव्हान स्वीकारले ते काही प्रथमच नव्हे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ३५६ या गाडीच्या १.६ लिटर इंजिनावरून '६७८' या क्रमांकाचे एक विमान-इंजिन त्यांनी काढले होते. पन्नास ते पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आवृत्त्यांत ते काही जर्मन हलक्या विमानांत बसवले गेले. ते प्रकरण लहान आहे; येथे ते सोडून देतो.

मोठे प्रकरण सुरू होते १९८१ साली, आणि त्याची पार्श्वभूमी जवळजवळ नाट्यपूर्ण आहे. ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. सहा आडवे सिलिंडर, हवेने थंड होणारे इंजिन, आणि तेही मागच्या चाकांच्याही मागे. १९८०च्या सुमारास ती जुनी झाली, आता बंद करावी, असे कंपनीत जवळजवळ ठरले होते. त्याच वेळी पेटर शुट्झ हे नवे प्रमुख म्हणून आले. बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझी राजवटीमुळे लहानपणी कुटुंबासह देश सोडावा लागलेले, आणि अमेरिकेत अभियंता झालेले हे गृहस्थ. त्यांनी स्वतः पुढे सांगितलेली हकिकत अशी, की हेल्मुट बॉट या प्रमुख अभियंत्याच्या खोलीत भिंतीवर गाड्यांच्या भवितव्याचा तक्ता होता. इतर गाड्यांच्या रेषा पुढे जात होत्या, ९११ची रेषा १९८१पाशी थांबत होती. शुट्झ यांनी काळे पेन उचलले, ती रेषा तक्त्याबाहेर, भिंतीवरून दरवाजापर्यंत ओढत नेली, आणि बॉटना विचारले, कळले ना? अशा गोष्टी सांगता सांगता गोलाई घेतात हे आम्ही जाणतो. पण गाडी वाचली हे खरे आहे. आणि ज्या इंजिनाचा मृत्यू नुकताच टळला होता, त्यालाच शुट्झ यांच्या कारकिर्दीत आकाशात पाठवण्याचे ठरले.

निवड वरवर पाहता उत्तम होती. विमानाला हवे असलेले पुष्कळसे गुण ९११च्या इंजिनात आधीपासूनच होते. ते हवेने थंड होत असल्याने रेडिएटर नको. सिलिंडर आडवे असल्याने नाकाची उंची कमी. तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवलेले, त्यामुळे विमान कसेही कलले तरी तेलाचा पुरवठा तुटत नाही. या इंजिनाला नाव मिळाले 'पीएफएम ३२००'. पीएफएम म्हणजे 'पोर्श फ्लुगमोटर', पोर्शचे उड्डाणाचे इंजिन. ३.२ लिटरचे हेच इंजिन गाडीत मिनिटाला ५९०० फेऱ्यांवर २३१ अश्वशक्ती देत होते. विमानासाठी त्याला आवरून ५३०० फेऱ्यांवर २१२ अश्वशक्तीपर्यंत आणले गेले. गिअरबॉक्सने पंख्याचा वेग २३५० फेऱ्यांच्या आत उतरवला. वरच्या गणितातले पात्याचे टोक त्यामुळे सेकंदाला २३३ मीटरच्या आसपास येते, ध्वनीच्या पुष्कळ खाली. ठिणगी देणाऱ्या यंत्रणा दोन, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या. कारण आकाशात गाडी बाजूला लावता येत नाही. १९८४ साली पश्चिम जर्मनीत त्याला अधिकृत प्रमाणपत्र मिळाले.

पण त्याचे खरे वेगळेपण वैमानिकाच्या हातापाशी होते. पारंपरिक लहान विमानात इंजिनासाठी तीन दांडे असतात. एक शक्ती कमी-जास्त करतो, दुसरा पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो, तिसरा इंधन आणि हवा यांचे प्रमाण जुळवतो. वर जावे तशी हवा विरळ होते, म्हणून इंधनही हाताने कमी करत जावे लागते. खाली येताना पुन्हा वाढवावे लागते. त्यात चूक झाली तर सिलिंडर भाजतात किंवा इंजिन गुदमरते. पोर्शने या तिघांचा एकच दांडा केला. पुढे ढकलला की शक्ती, मागे ओढला की विश्रांती. पंख्याचा कोन आणि मिश्रण यांची काळजी यंत्र स्वतः वाहील. गाडीच्या अॅक्सिलरेटरसारखे. शिवाय थंड करणारा पंखा इंजिनालाच जोडलेला असल्याने, उंचावरून वेगाने उतरताना सिलिंडर एकदम गार पडून तडकतील ही धास्तीही पुष्कळ कमी झाली. आवाज कमी होता, थरथर कमी होती. आमच्या मते या रूपांतराचा सर्वांत मोलाचा भाग हाच. पोर्शने गाडीचे केवळ धातुकाम विमानात नेले नाही, तर गाडीची वृत्तीही नेली: चालवणाऱ्याने रस्त्याकडे पाहावे, इंजिनाकडे नव्हे.

१९८५-८६ मध्ये हे इंजिन बसवलेले एक मूनी जातीचे विमान पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. सुमारे सहाशे तासांचे उड्डाण, एक लाख किलोमीटर, तीनशेच्या आसपास वेळा उतरणे. कोणत्याही प्रसूतिगृहातून बाहेर पडलेल्या यंत्रासाठी ही गुणपत्रिका प्रथम श्रेणीची म्हटली पाहिजे. त्याच सुमारास ९११ टर्बोची इंजिने 'स्कायशिप' या ब्रिटिश वायुपोतांनाही ओढत होती. १९८५च्या 'अ व्ह्यू टू अ किल' या जेम्स बाँडच्या चित्रपटात खलनायकाचा जो अजस्र फुगा दिसतो तो याच जातीचा. बाँडपट पाहण्याचे आमचे वय तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. त्या फुग्यामागे गाडीचे इंजिन आहे हे ठाऊक असते तर कदाचित आम्ही विज्ञान शाखेला गेलो असतो.

मूनी ही टेक्सासमधील केरव्हिल येथील विमान कंपनी. चार आसनांची, चपळ, थोड्या इंधनात दूर जाणारी विमाने ही तिची ख्याती, आणि शेपटीचा सरळ उभा कडा ही तिची ओळख. 'एम२०एल' या नावाने तिने पोर्श-इंजिनाचे विमान १९८८ साली बाजारात आणले. इंजिन आता २१७ अश्वशक्तीचे होते आणि त्यासाठी विमानाचे अंग लांबवले होते. येथेच गणित आडवे आले. मूनीच्याच जुन्या विमानात लायकमिंगचे साधे, चार सिलिंडरचे, दोनशे अश्वशक्तीचे इंजिन होते. नव्या विमानाची शक्ती सतराने वाढली, पण गिअरबॉक्स, थंड करणारा पंखा, दुहेरी वीजव्यवस्था आणि लांबलेले अंग यांनी वजनही वाढवले. थंड करणारा पंखा स्वतःच इंजिनाची थोडी शक्ती खातो, हेही विसरून चालणार नाही. परिणामी नवे विमान वेगात आपल्या स्वस्त भावंडाच्या फारसे पुढे जाऊ शकले नाही. जास्त पैसे देऊन तेवढाच वेग विकत घ्यावा का, असा प्रश्न पडलेल्या गिऱ्हाइकाला एका दांड्याचे सौख्य आणि इंजिनावरचे नाव एवढीच उत्तरे देता येत होती. विकली गेलेली विमाने चाळीसच्या आसपास.

काळही वाईट निवडला गेला होता. किंवा असे म्हणू, की निवडला तेव्हा तो वाईट नव्हता. १९७८ साली अमेरिकेतील कारखान्यांनी १७,८११ लहान-मोठी खासगी विमाने गिऱ्हाइकांच्या हवाली केली. १९८७ साली हा आकडा १,०८५वर आला होता. अपघातानंतरच्या भरपाईच्या खटल्यांमुळे विम्याचे हप्ते विमानाच्या किमतीत मिसळू लागले होते. सेसनासारख्या मोठ्या कंपनीने १९८६ साली पिस्टन-इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअरबाजार कोसळला. डॉलर घसरला, तशी जर्मन माल अमेरिकेत महाग झाला. पोर्शच्या गाड्यांचे अमेरिकेतले गिऱ्हाईक १९८६ साली सुमारे तीस हजार होते, ते १९९३पर्यंत चार हजारांच्याही खाली गेले. शुट्झ १९८७च्या अखेरीस पदावरून गेले होते. स्वतःचे घर वाचवण्याची वेळ आलेल्या कंपनीने १९९१ साली विमान-इंजिनाचे काम थांबवले. तोवर सुमारे ऐंशी इंजिने तयार झाली होती.

येथवरची कथा म्हणजे धंद्यातले एक अपयश, आणि अशी अपयशे शेकड्यांनी सापडतील. आमचे लक्ष खिळले ते त्यापुढच्या भागावर. कारण उत्पादन थांबले तरी ती ऐंशी इंजिने होती, त्यांची विमाने होती, आणि ती विमाने विकत घेतलेली माणसे होती.

नाटक बंद पडले तरी संहिता उरते. इंजिनाची गोष्ट तशी नाही. प्रमाणित विमानाच्या इंजिनाला कायद्याच्या दृष्टीने एक पालक लागतो. त्याच्या नावे 'टाइप सर्टिफिकेट' असते. सुटे भाग प्रमाणित करणे, दोष आढळला तर सर्व मालकांना कळवणे, दुरुस्तीची पुस्तिका अद्ययावत ठेवणे, ही त्याची कर्तव्ये. ९११चे सुटे भाग जगातल्या कोणत्याही मोठ्या शहरात मिळत होते आणि ९११ दुरुस्त करणारे निष्णात मेकॅनिकही. पण त्यांपैकी कोणालाही मूनीच्या नाकाला कायद्याने हात लावता येत नव्हता. गाडीच्या दुकानातला बोल्ट धातूने, मापाने अगदी तसाच असला, तरी विमानासाठी तो परका. कारण त्याच्यासोबत कागद नव्हता. उलट, विमानतळावरचा मेकॅनिक ज्याला कागदाचा अधिकार होता, तो लायकमिंग-कॉन्टिनेंटलच्या शाळेत शिकलेला. पोर्शचे हे इंजिन त्याने आयुष्यात एकदा पाहिले असेल किंवा तेही नाही. एकीकडे माहीतगार पण अनधिकृत हात, दुसरीकडे अधिकृत पण अनोळखी हात. गाडीचे इंजिन विमानात नेण्याचे मोठे आकर्षण असते ते हे, की गाडीच्या अफाट संख्येचा, तिच्या स्वस्ताईचा, तिच्या गल्लोगल्लीच्या गॅरेजांचा लाभ विमानाला मिळेल. ज्या क्षणी इंजिन प्रमाणित झाले, त्याच क्षणी तो लाभ कुंपणापलीकडे राहिला. लाखो भावंडे असलेले हे इंजिन ऐंशी जणांच्या बेटावर अडकले.

कंपनीने उत्पादन थांबवल्यावर बरीच वर्षे आधार दिला, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. पण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो आधारही काढून घेण्यात आला आणि प्रमाणपत्रही परत केले गेले. यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. मूठभर इंजिनांसाठी कायदेशीर जोखीम वाहत राहणे कोणत्या हिशेबनिसाला मान्य होईल? पण विमान घेणाऱ्याने विकत घेतले होते ते केवळ लोखंड-अॅल्युमिनियम नव्हते. त्याने एक वचन विकत घेतले होते, आणि ते वचन पाळणारा कोण, हे त्या धातूवर कोठेही कोरलेले नव्हते.

अशा वेळी पीटेनपोलच्या परंपरेचे बळ कशात होते ते उमगते. त्याच पीटेनपोलने १९६०च्या दशकात शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर गाडीचे इंजिन आपल्या विमानावर चढवले. तेही हवेने थंड होणारे, सहा आडव्या सिलिंडरांचे. ९११चे अमेरिकन, गरीब घरचे चुलत भावंडच म्हणा. कॉर्व्हेर १९६९ साली बंद झाली. तिचे इंजिन मात्र आजही घरी बांधलेल्या विमानांत उडते. ते निर्दोष होते म्हणून नव्हे. गिअरबॉक्स न घालता पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडल्याने तो वाकवणारा ताण वर सांगितल्याप्रमाणे क्रँकशाफ्टवर यायचा, आणि क्रँकशाफ्ट तुटल्याच्या घटना घडल्या. तेव्हा ती विमाने बांधणाऱ्यांनी आपसांत चर्चा केली, धातू कठीण करण्याची प्रक्रिया अवलंबली, पुढच्या टोकाला एक जादा बेअरिंग बसवले. त्यांना कोणाची परवानगी नको होती, कारण अमेरिकेत अशी विमाने 'प्रायोगिक' वर्गात मोडतात, जबाबदारी बांधणाऱ्याची. येथे कोणताही रोमँटिक गैरसमज नको. प्रमाणपत्राची कडक व्यवस्था ज्या अपघातांतून जन्मली ते अपघात खरे होते, आणि आपल्या विमानात अनोळखी प्रवासी बसवणाऱ्याला ती व्यवस्था हवीच. आमच्यातल्या एकाचे मत तर असे, की घरी बांधलेल्या विमानात बसण्यापेक्षा परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बऱ्या. तरीही कागदी पालक नसलेले इंजिन साठ वर्षे जगते आणि कागदी पालक असलेले पालकासोबत जाते, ही गोष्ट नाकारता येत नाही.

पोर्शनंतरही प्रयत्न थांबले नाहीत. जर्मनीतीलच थीलेर्ट कंपनीने मर्सिडीजच्या लहान गाडीचे डिझेल इंजिन विमानासाठी रूपांतरित करून २००२ साली त्याला प्रमाणपत्र मिळवले. या वेळी कारण भक्कम होते: युरोपात विमानाचे पेट्रोल महाग आणि दुर्मीळ, तर जेट विमानांचे इंधन सर्वत्र उपलब्ध, आणि डिझेल इंजिन ते पचवू शकते. इंजिने हजारोंनी खपली. तरी २००८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मालकांच्या हातातल्या हमीपत्रांचे कागद झाले. पुढे ते इंजिन नव्या मालकांच्या हाती जगले. दरम्यान ती इंजिने वापरणाऱ्या डायमंड या विमान कंपनीने धडा घेऊन स्वतःचीच इंजिन-कंपनी उभारली, आणि तिनेही पाया घेतला तो मर्सिडीजच्याच इंजिनाचा. रोटॅक्स ९१२ या ऑस्ट्रियन इंजिनाची गोष्ट आणखी वेगळी. ते १९८९पासून बनते, वेगाने फिरते, गिअरबॉक्सने पंखा सावकाश चालवते, म्हणजे पोर्शने पत्करलेली वाटच चालते. पण ते मुळातच विमानासाठी रचलेले आहे. ते जगभरच्या हलक्या विमानांत सर्रास दिसते.

आणि मूनी? एम२०एलसाठी लांबवलेले ते अंग कंपनीने टाकून दिले नाही. १९८९पासूनच्या तिच्या मोठ्या विमानांत तेच वापरले गेले, नाकात लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल घालून. पोर्श-इंजिनाच्या मूळ विमानांपैकीही बऱ्याच विमानांची इंजिने मालकांनी उतरवली आणि त्या जागी कॉन्टिनेंटलचे सहा सिलिंडरचे, साडेपाचशे घनइंचांचे इंजिन बसवले. गिअरबॉक्स गेला, थंड करणारा पंखा गेला. विमान पूर्वीपेक्षा वेगाने जाऊ लागले, आणि वैमानिकाच्या उजव्या हातापाशी पुन्हा तीन दांडे आले.